चेंबर, चाकोरी आणि गतिरोधक

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघालं की लोणी देवकर लागतं. आज इथं औद्योगिक वसाहत आहे, चौपदरी रस्ता आहे. पण शेतातल्या वस्तीकडे वळलं, की उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि मधोमध उरलेला मातीचा वरंबा. घरच्या सेडानची खरी परीक्षा तिथंच होते.

बैलगाडीला ही अडचण नव्हती. मोठ्या चाकांच्या मध्यावर आस, त्यामुळे वरंबा खालून निघून जाई.

मोटारीनं पोट जमिनीलगत आणलं. पूर्वी कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३४० मिलिमीटर. होंडा सिटीत ते २६०० झालं. गाडीची जमिनीपासूनची उंची तीच ठेवून हे अंतर वाढवलं, तर उंचवट्यावर पोट लवकर टेकतं. म्हणून माहितीपत्रकातला ‘ग्राउंड क्लिअरन्स’चा एकच आकडा पुरेसा नसतो. शिवाय तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं बसली, डिकीत ज्वारीचं पोतं पडलं, की स्प्रिंगा दबतात आणि मागची बाजू खाली येते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. गावोगावी मात्र तो अरुंद आणि उभा घातला जातो. खालून ‘खर्र’ आवाज आला, की आधी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर आठवतो. तो फुटला तर ऑइल रस्त्यावर. म्हणून मग मागची मंडळी खाली उतरतात, गाडी तिरकी घालून अलगद पलीकडे जाते, आणि सगळे पुन्हा बसतात.