किपू

किपू हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात वापरले जाणारे, दोऱ्या व गाठी यांच्या साहाय्याने नोंदी ठेवण्याचे प्राचीन साधन होय. क्वेचुआ भाषेत या शब्दाचा अर्थ ‘गाठ’ असा आहे. वारी संस्कृतीच्या काळापासून हे साधन ज्ञात होते; मात्र त्याचा सर्वाधिक विकास इंका साम्राज्यात झाला. कागदावर अथवा दगडावर लिहिलेली लिपी इंकांकडे नव्हती. असे असूनही त्यांनी लक्षावधी लोकांचा कारभार काटेकोरपणे चालवला, तो मुख्यतः किपूंच्या आधारे.

रचना व अंकलेखन

किपूमध्ये एका जाड मुख्य दोरीला अनेक लोंबत्या दोऱ्या बांधलेल्या असतात. काही वेळा त्यांना उपदोऱ्याही जोडतात. दोऱ्या कापसाच्या किंवा लामा, अल्पाका या प्राण्यांच्या लोकरीच्या असून अनेकदा रंगीत असतात. संख्या दशमान पद्धतीने नोंदवल्या जात. मुख्य दोरीच्या जवळ मोठी स्थाने व टोकाकडे एकक स्थान असे. दशक, शतक इत्यादी स्थानी साध्या गाठी मारत. एककासाठी २ ते ९ या अंकांकरिता तितके वेढे दिलेली लांब गाठ वापरत. शून्य दर्शवण्यासाठी ते स्थान रिकामे ठेवत. उदाहरणार्थ, ३०४ या संख्येत शतकस्थानी तीन साध्या गाठी, दशकस्थानी मोकळी दोरी आणि एककस्थानी चार वेढ्यांची गाठ असे. ही पद्धत लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये उलगडून दाखवली.

उपयोग

इंका साम्राज्यात नाणी नव्हती. कर श्रमरूपाने दिला जाई. त्यामुळे कुटुंबांची गणना, श्रमाचा हिशेब व कोठारांतील धान्यवस्त्रांचा साठा यांच्या नोंदी आवश्यक होत्या. त्या ठेवणाऱ्या जाणकारांस ‘किपूकामायोक’ म्हणत. ‘चास्की’ नावाचे धावपटू निरोपांबरोबर किपूही पोहोचवीत.

स्पॅनिश राजवट

१५३२ मध्ये स्पॅनिश आक्रमण झाल्यावरही काही काळ किपूंना पुरावा म्हणून मान्यता होती. १५६१ मध्ये हाउहा खोऱ्यातील स्थानिक प्रमुखांनी स्पॅनिशांना पुरवलेल्या वस्तूंचा तपशील किपूंवरून वाचून लिमा येथील न्यायालयापुढे मांडला. पुढे १५८३ मध्ये लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने जुन्या धर्मविधींची स्मृती जपणारे किपू नष्ट करण्याचा आदेश दिला. किपूकामायोकांची परंपरा क्षीण होत गेली, तसे किपू वाचण्याचे ज्ञानही लोपले.

वाचनाचा प्रश्न

अनेक किपूंतील संख्या आज वाचता येतात. परंतु त्या कशाच्या आहेत, हे बहुधा समजत नाही. काही किपूंतील गाठी दशमान रचनेत बसत नाहीत. त्यांत नावे किंवा वृत्तान्त असावेत, असे काही अभ्यासक मानतात. पेरूमधील कोयाता गावी जपलेल्या दोन किपूंचा अभ्यास करून सबाइन हायलंड यांनी २०१७ मध्ये असे मत मांडले की, रंग व प्राण्यांच्या केसांचे प्रकार यांद्वारे त्यांत ध्वनी सूचित केले असावेत. तुपिकोचा या गावात किपू आजही ग्रामसमुदायाच्या समारंभात वापरले जातात, मात्र तेथेही ते कोणाला वाचता येत नाहीत. किपू ही लिपी होती की केवळ गणनेचे साधन, यावर इंकांना ‘निरक्षर’ म्हणावे की नाही, हे अवलंबून आहे.