दगडात जपलेली शेवाळी

शेवाळी (ब्रायोफायटा) या गटातील वनस्पतींना ना काष्ठ असते ना पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या, त्यामुळे मेल्यावर त्या लवकर कुजतात आणि खडकात त्यांचा माग क्वचितच राहतो. तरीही अशा एका नाजूक वनस्पतीचा अवशेष नागपूरच्या अभ्यासकांच्या हाती लागला, याचे श्रेय दक्खनच्या लाव्ह्याला द्यावे लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळी साचत आणि त्यांच्या गाळावर पुढचा लाव्हा पसरे. बेसाल्टच्या दोन थरांत दबलेल्या या गाळाला आंतरट्रॅप थर म्हणतात. नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीत तो दिसतो. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी तेव्हाच्या नागपूरबाहेरील टाकळीत याच थरांतून फळे, बिया आणि शिंपले गोळा केले व १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात या परिसराचे भूशास्त्र मांडले. हिस्लॉप यांचे नाव आज नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे सर्वतोमुखी आहे. त्यांच्या दगडांची आठवण मात्र भूशास्त्रज्ञांपुरतीच उरली आहे.

पुढे अभ्यासाचे केंद्र छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे सरकले; हा जिल्हा पूर्वी भोसल्यांच्या राज्यात आणि नंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. तेथील चर्ट, म्हणजे सिलिकेने घट्ट झालेला गारगोटीच्या जातीचा दगड, वनस्पतींच्या पेशीसुद्धा जपून ठेवतो. के. पी. रोडे आणि बिरबल साहनी यांच्या कामामुळे ही जागा प्रसिद्धीस आली व नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात व्ही. बी. शुक्ल, नंतर डॉ. श्यामला चितळे यांनी हे संशोधन चालू ठेवले. अशा दगडाचा छेद घासून गुळगुळीत करतात, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने सिलिका किंचित विरघळवतात आणि उघड्या पडलेल्या पेशीभित्तिकांवर ॲसिटोनच्या साह्याने पातळ फिल्म चिकटवून ती सोलून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ते या सालीला. १९८० मध्ये चितळे आणि यावले यांनी मोहगावच्या चर्टमधून वर्णिलेल्या अवशेषाला ‘नोटोथायलायटिस निरुलाय’ हे नाव मिळाले, कारण त्याचा बीजुककोश आजच्या नोटोथायलस या प्रजातीशी जुळणारा होता.

नोटोथायलस ही काटेकोरपणे मॉस नव्हे, तर शेवाळींच्या शृंगधारी शाखेतील वनस्पती आहे. तिचे चपटे हिरवे शरीर ओल्या मातीला चिकटून वाढते, त्यात नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नील-हरित जीवांच्या वसाहती राहतात आणि इतर शृंगधारींचे शिंगांसारखे बीजुककोश ताठ उभे असताना हिचा आखूड बीजुककोश आडवा, आवरणात झाकलेला असतो. ओल सरली की शरीर सुकते आणि मातीत बीजुके उरतात.

हे अल्पायुष्यच तिच्या मुळावर येते. मध्य युरोपात नोटोथायलस ऑर्बिक्युलॅरिस ही जात कापणीनंतरच्या धसकटांच्या शेतात शरद ऋतूत बीजुके धरते, पण पीक काढताच नांगर फिरू लागल्याने ती दुर्मीळ झाली आणि युरोपीय संघाला तिचा समावेश अधिवास-संरक्षण निर्देशाच्या यादीत करावा लागला. धोका येथे कुऱ्हाडीचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि वाघाभोवती उभ्या राहिलेल्या संरक्षणाच्या कल्पनेत असला धोका सहजी बसत नाही. एखादा हंगाम हुकला तर मातीतली बीजुके तग धरतात. मात्र दरवर्षी नवी बीजुके पिकण्याआधीच जमीन उलटली जात असेल, तर हा साठा भरून निघत नाही.