उजनीचा हिरवा तवंग आणि जिवाणूंची विषे

बारामतीलगतच्या इंदापूर तालुक्यात, भिगवण परिसरात उजनी धरणाचा फुगवटा पसरला आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून येथे पोहोचते. त्यातील नत्र व स्फुरदावर नील-हरित शैवाल पोसले जाते आणि पाण्यावर हिरवा तवंग येतो. नावात शैवाल असले तरी हे जीव म्हणजे सायनोबॅक्टेरिया, अर्थात जिवाणूच होत.

जगभर आढळणाऱ्या त्यांच्या काही जाती अल्कलॉइड वर्गातील विषे बनवतात. अ‍ॅनाटॉक्सिन-ए हे त्यांपैकी एक. त्याची सुरुवात प्रोलीन या साध्या अमिनो आम्लापासून होते. एक विकर, म्हणजेच एन्झाइम, प्रोलीनला वाहक प्रथिनावर चढवते, तर दुसरे त्याचे ऑक्सिडीकरण करते. पुढील विकरे दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडून साखळी वाढवतात आणि अखेर ती मिटून दुहेरी वलय तयार होते. या विकरांचा जनुकसमूह २००९ मध्ये उलगडला. हे विष स्नायूंना सतत उत्तेजित ठेवून श्वसन बंद पाडते.

ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये तवंग मारण्यासाठी धरणात मोरचूद टाकण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले. पेशी फुटल्याने सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे अल्कलॉइड पाण्यात मिसळले, असा निष्कर्ष पुढे निघाला.

प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते. मात्र ते रंगावरून ओळखता येत नाही आणि केवळ उकळून निर्धोक होत नाही. म्हणून तवंगाचे पाणी जनावरांनाही पाजू नये. कायमचा उपाय एकच : सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे.