रंगविलेल्या ताटल्या व त्यांच्या निनांवी चित्रकर्त्री

राजवाड्यांतील चिनी मातीच्या भांड्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. सामान्य घरांतील ताटल्यांकडे मात्र विद्वानांचें लक्ष क्वचितच जातें. ती उणीव संग्राहकांनीं कांहीं अंशीं भरून काढली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत हातानें रंगविलेलीं जेवणाचीं भांडीं जमविणारे लोक आज बरेच आहेत, आणि त्या भांड्यांत ‘ब्लू रिज’ या नांवाच्या मालाला विशेष मान आहे. हा मान नेमका कोणास मिळतो, हें पाहण्यासाठीं त्या भांड्यांची जन्मकथा ध्यानांत घेतली पाहिजे.

टेनेसी राज्याच्या पूर्वेस, डोंगरांच्या कुशींत, अर्विन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें आगगाडी आल्यानंतर १९१७ च्या सुमारास ‘सदर्न पॉटरीज’ हा कारखाना उभा राहिला. लागणारी माती आसपासच्या मुलखांत मिळे. कुशल कारागीर मात्र ओहायोंतून आणावे लागले. आरंभीं तेथेंही इतर कारखान्यांप्रमाणें छापील चित्रें ताटल्यांवर चिकटवीत. पुढें चार्ल्स फोरमन यानें कारखाना घेतल्यावर हातानें चितारण्याची रीत सुरू केली, आणि १९३८ च्या सुमारास तीच त्या कारखान्याची ओळख होऊन बसली.

एकदां भाजलेल्या ताटलीवर चित्र काढावयाचें, वर झिलईचा थर द्यावयाचा, व ताटली पुनः भट्टींत घालावयाची, अशी ती पद्धति होती. रंग झिलईखालीं राहत असल्यामुळें रोजच्या घासण्यानें तो जात नसे. चितारण्याचें काम करणाऱ्या बहुतेक त्याच डोंगराळ भागांतील मुली व बायका होत्या. त्यांनीं कुंचला धरला तो कारखान्यांतच. एकीनें देठ व पानें काढावीं, दुसरीनें पाकळ्या भराव्या, तिसरीनें कडेची रेघ ओढावी, अशी कामाची वांटणी असे. म्हणून आराखडा एकच असूनही दोन ताटल्या तंतोतंत सारख्या होत नसत.

दुसऱ्या महायुद्धांत परदेशी माल येणें थांबलें व या भांड्यांची मागणी वाढली. भरभराटीच्या दिवसांत तेथें हजारावर माणसें काम करीत, आणि त्यांपैकीं सुमारें निम्मीं रंगकामावर होतीं. युद्ध संपल्यावर जपानचा स्वस्त माल पुनः येऊं लागला, न फुटणारीं प्लास्टिकचीं भांडीं निघालीं, मजुरी वाढली. १९५७ सालीं कारखाना बंद पडला.

आज त्याच मालाचा बाजार भरतो. कांहीं थोड्या निष्णात चित्रकर्त्रींना पाणचक्की, लांकडी घर, टर्की पक्षी अशीं चित्रें काढून त्यांवर सही करण्याची मुभा होती. त्या ताटल्यांना मोठी किंमत येते. बाकीच्या असंख्य ताटल्यांवर कोणाचेंच नांव नाहीं. चमत्कार असा कीं, त्यांवरील कित्येक नमुन्यांना प्रचलित असलेलीं नांवें संग्राहकांनींच मागाहून ठेवलेलीं आहेत. फुलांचें बारसें झालें. तीं काढणाऱ्या हातांचा पत्ता राहिला नाहीं.

यांत आपल्यालाही हंसण्याजोगें कांहीं नाहीं. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांव घातलेलें असतें, पण तें देणाराचें किंवा मालकाचें. घडविणाऱ्या तांबटाचें नांव त्यावर शोधूनही सांपडावयाचें नाहीं.

सही असलेली ताटली जपली जावी हें योग्यच. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें सही नसलेलीचें मोल कमी नाहीं. ती उजेडांत धरून पाहावी. कुंचला कोठें टेंकला, कोठें उचलला, रंग कोठें दाट होऊन कोठें विरळ झाला, हें स्पष्ट दिसतें. पांचशेंच्या आसपास बायकांच्या श्रमाचा तो दस्तऐवज आहे, आणि तो वाचावयास साक्षीदार हवे आहेत. १९५७ सालीं वीस वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरांत असेल. संग्राहकांनीं ताटलीच्या किंमतीबरोबर अशा वृद्धांच्या व त्यांच्या मुलांच्या आठवणीही टिपून ठेवाव्या. ताटल्या आणखी शंभर वर्षें टिकतील. सांगणारीं माणसें तितका काळ थांबणार नाहींत.