बिअर आणि मुतखडा

बिअर प्यायल्याने मुतखडा पडतो, हा महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा समज. माफक बिअरचे जे आरोग्यलाभ सांगितले जातात, त्यांत आपल्याकडे सर्वांत रुजलेला हाच. 

समज अगदीच निराधार नाही. मद्यार्कामुळे लघवी रोखणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी स्रवते आणि लघवी वाढते. अमेरिकेतील सुमारे १,९४,००० जणांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नियमित बिअर घेणाऱ्यांना मुतखडा होण्याचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र ही पाहणी खडा नव्याने होण्याविषयीची. झालेला खडा पडण्याविषयी ती काहीच सांगत नाही, आणि लोक बिअर घेतात ती खडा पाडण्यासाठी. पाच मिमीपेक्षा लहान खडे बहुधा आपोआपच पडतात. त्या दिवसांत बिअर घेतली असेल तर श्रेय तिला मिळते. मूत्रवाहिनीत खडा अडकला असताना लघवी वाढली, तर वरचा दाब व कळा वाढतात. शिवाय बिअरमधील प्युरीनमुळे रक्तातले युरिक अॅसिड चढते. संधिवाताचा गाऊट हा प्रकार आणि युरिक अॅसिडचे खडे यांना ते पोषकच.

‘माफक’ म्हणजे किती, हेही पाहावे. ८ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिली बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो; अमेरिकी सरकारच्या आहार-मार्गदर्शिकेत २०२५ पर्यंत पुरुषांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २८ ग्रॅमची होती. म्हणजे एका बाटलीतच ती ओलांडली जाते.

माफक बिअरने हृदयाला लाभ होतो, हा दुसरा दावा नव्या अभ्यासांत बराच दुबळा ठरला आहे. मद्याची गणना १९८८ पासून निश्चित कर्करोगकारकांत होते. कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. महाराष्ट्रात मद्याचा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून दिला जातो. ती दारूबंदी कायद्यातील तरतूद आहे, वैद्यकीय शिफारस नव्हे.

मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, आणि लघवी वाढवण्याचे बिअरचे काम त्याने भागते. कळांबरोबर ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.