जिंकलं कोण? हे चित्राला विचारू नका

आज ऐकता ऐकता थोडं बघायचंही आहे. फोनवर 'बॉक्सर ॲट रेस्ट' असं सर्च करा. ब्राँझचा एक पुतळा दिसेल. दगडावर बसलेला, दाढीवाला, पार दमलेला माणूस. आता त्याच्या उजव्या मांडीवर झूम करा. लालसर थेंब दिसतायत? ते रक्त आहे. शिल्पकारानं ब्राँझमध्ये तांबं बसवून ते केलंय.

१८८५ साली रोममधल्या क्विरिनाल टेकडीवर खोदकामात हा पुतळा सापडला. काम ग्रीक धाटणीचं, वय दोन हजार वर्षांहून जास्त. नाक मोडलेलं आहे. डोळ्याखालची सूज काळपट दिसावी म्हणून तिथे वेगळा मिश्रधातू वापरलाय. आणि कान बघा. आपल्याकडे जुन्या पैलवानांचे जसे मोडलेले, गाठ आलेले कान असतात ना, अगदी तसेच.

तेव्हाचं बॉक्सिंग आजच्यासारखं नव्हतं. ख्रिस्तपूर्व ६८८ मध्ये ते ऑलिंपिकमध्ये आलं, असं ग्रीक परंपरा सांगते. राउंड नाहीत, वजनी गट नाहीत. एकानं हार मानेपर्यंत किंवा तो आडवा होईपर्यंत लढत चालायची. हातांना गुंडाळलेले चामड्याचे पट्टे या पुतळ्यावरही दिसतात.

मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवते ती त्याची मान. कुणीतरी हाक मारल्यासारखी त्यानं ती वळवलीय. निकाल जाहीर होतोय का? पुढची लढत आहे का? पुतळा काही सांगत नाही. ग्रीकांनी विजेत्यांचे पुतळे भरपूर उभारले. देखणे, डाग नसलेले, खाली नाव कोरलेले. याचं नाव कुणालाच माहीत नाही. तरी याच्या हातापायांची बोटं घासून गुळगुळीत झालीत. अभ्यासकांना वाटतं, येणारे-जाणारे त्याला हात लावत असावेत. म्हणजे जिंकला की हरला हे न विचारता लोक त्याच्याजवळ जात होते.

आता थेट १९०९ च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊ, कारण हाच प्रश्न तिथे एका चित्रकारानं पुन्हा हाती घेतला. जॉर्ज बेलोज. ओहायोचा पोरगा, कॉलेजात बेसबॉल गाजवलेला. त्याच्या स्टुडिओसमोरच टॉम शार्की नावाच्या निवृत्त बॉक्सरचा क्लब होता. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून लढती भरवायला कायद्यानं बंदी होती. लोकांनी पळवाट काढली: क्लब खासगी आणि लढणारे दोघंही त्या रात्रीपुरते 'सभासद'! मग ती सार्वजनिक लढत कशी म्हणणार?

बेलोजच्या एका चित्राचं नावच आहे 'बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब', म्हणजे दोघंही या क्लबचे सभासद. चित्रात एक बॉक्सर कृष्णवर्णीय, दुसरा गोरा. त्याआधीच्याच डिसेंबरात, १९०८ मध्ये, जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विश्वविजेता झाला होता आणि अनेक गोऱ्या अमेरिकनांना ते पचलं नव्हतं. अशा काळात हे नाव वाचलं की टोचतं. रिंगमध्ये रक्त सांडण्यापुरता हा माणूस 'आपल्यातला'. रिंगबाहेर त्याला कोण सभासद करून घेणार होतं?

त्याच वर्षीचं त्याचं दुसरं चित्र, 'स्टॅग ॲट शार्कीज', बघा. लढणाऱ्यांचे चेहरे धड दिसत नाहीत. दिसतात ते प्रेक्षकांचे: हसणारे, ओरडणारे, चेकाळलेले. आपण चित्र बघतो तेही त्यांच्यातच, खाली गर्दीत उभं राहून. म्हणजे बेलोजनं आपल्यालाही तिकीट न काढता आत घेतलंय.

आता तिसरं चित्र. १४ सप्टेंबर १९२३, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. विश्वविजेता जॅक डेम्पसी विरुद्ध अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो. पहिल्याच राउंडमध्ये फिर्पो सात वेळा खाली पडला. आणि त्याच राउंडमध्ये त्यानं असा ठोसा लगावला की डेम्पसी दोरांमधून थेट रिंगबाहेर, पत्रकारांच्या अंगावर! लोकांनी त्याला पुन्हा आत ढकललं आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्यानं फिर्पोला नॉकआउट केलं. रेकॉर्ड बुकात एकच ओळ: डेम्पसी विजयी.

बेलोज एका वर्तमानपत्रासाठी तिथे हजर होता. पुढच्या वर्षी त्यानं चित्र रंगवलं, ते आज व्हिटनी म्युझियममध्ये आहे. त्यात कोणता क्षण घेतला? विजेता उलटा होऊन रिंगबाहेर पडतोय तो. हरलेला फिर्पो उंच, ताठ उभा आहे. चित्राच्या डाव्या कडेला टक्कल पडलेला एक प्रेक्षक आहे, तो खुद्द बेलोज. जानेवारी १९२५ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी, अपेंडिक्स फुटून तो गेला.

ही लढत ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. ते बघून कुणालाही वाटेल की फिर्पो जिंकला. चित्र खोटं नाही. तो क्षण खरोखर घडला होता, फक्त निकालात त्याला जागा नव्हती.

म्हणून मला वाटतं, खेळाला कलेची गरज सजावटीसाठी नाही. स्कोअरकार्ड एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: जिंकलं कोण? बाकीचे प्रश्न उरतातच. मार कुणी खाल्ला? आरडाओरडा कोण करत होतं? 'सभासद' कुणाला म्हटलं आणि किती वेळापुरतं? आपण हायलाइट्स बघतो, त्यात शेवटचा पंच असतो, ट्रॉफी असते. लढत संपल्यावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला माणूस कॅमेऱ्यातून निघून जातो.

पुढची मॅच बघताना विजेत्यावरून नजर जरा बाजूला न्या. कोपऱ्यात कोण बसलंय ते बघा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!