सेंट जॉन्स वर्ट : जखमेच्या तेलापासून नैराश्याच्या गोळीपर्यंत

सेंट जॉन्स वर्ट ही मूळची युरोप आणि पश्चिम आशियातली, माळरानावर व रस्त्याकडेला उगवणारी पिवळ्या फुलांची वनस्पती. २४ जूनला येणाऱ्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास ती फुलते, म्हणून हे नाव. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या वनौषधिग्रंथात तिच्या कुळातील वनस्पतींची नोंद आहे. फुले तेलात मुरवून उन्हात ठेवली की तेल लाल होते. युरोपात शतकानुशतके ते जखमांवर आणि भाजलेल्या जागी लावले जाई. सणाच्या दिवशी हीच फुले दारावर बांधून दुष्ट शक्ती दूर ठेवण्याची चालही होती. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मनाच्या विकारांवर तिची शिफारस केली.

आधुनिक काळात तिला प्रतिष्ठा दिली ती जर्मनीने. तिथल्या सरकारी वनौषधी समितीने १९८४ मध्ये सौम्य नैराश्यासाठी तिला मान्यता दिली आणि डॉक्टर ती लिहून देऊ लागले. १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सौम्य ते मध्यम नैराश्यात ती औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशा वनस्पती 'पूरक आहार' म्हणून विकता येत होत्या, त्यामुळे गोळ्या चिठ्ठीविना दुकानात मिळू लागल्या. मळमळ, पोटदुखी, जुलाब, तोंडाला कोरड असे त्रास दिसत, तेही बहुधा सौम्य. झाडपाल्याचे औषध निर्धोक असते ही समजूत त्यामुळे आणखी घट्ट झाली.

ती मोडली फेब्रुवारी २००० मध्ये. लॅन्सेटच्या एकाच अंकात दोन निवेदने छापून आली. झुरिकमध्ये हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांनी या गोळ्या सुरू केल्या, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन रक्तात घटले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. दुसऱ्या अभ्यासात आठ निरोगी स्वयंसेवकांना १४ दिवस गोळ्या दिल्यावर एचआयव्हीवरील इंडिनाव्हिर या औषधाची रक्तातील एकूण मात्रा सरासरी ५७ टक्क्यांनी घटली.

कारण आतड्यात आणि यकृतात होते. वनस्पतीतले हायपरफोरिन पेशीतल्या एका ग्राहीला चेतवते, हे त्याच वर्षी दिसून आले. त्या चेतनेने औषधांचे विघटन करणारे सीवायपी ३ए४ हे विकर वाढते; शोषलेले रेणू पुन्हा आतड्याच्या पोकळीत लोटणारे पी-ग्लायकोप्रोटीनही वाढते. म्हणजे गिळलेल्या औषधाचा काही भाग रक्तात पोचण्याआधीच वाया जातो. स्वयंसेवकांच्या लहान आतड्यातील ऊतींचे नमुने तपासून ही वाढ प्रत्यक्ष मोजली गेली. डिगॉक्सिन, वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोगावरील काही औषधे या सगळ्यांचा प्रभाव यामुळे कमी होतो. नैराश्यावरील इतर गोळ्यांबरोबर धोका उलटा असतो: शरीरात सेरोटोनिनचा परिणाम घातक पातळीला जाऊ शकतो.

जुन्या वैद्यांना हे कळण्याचा मार्गच नव्हता. ज्यांची रक्तातली मात्रा जराही ढळून चालत नाही अशी औषधे तेव्हा नव्हतीच. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र 'पूरक आहार' या सदराखाली ही वनस्पती आजही चिठ्ठीविना विकली जाते, ही चूक आजचीच आहे. गोळी बंद केल्यावरही वाढलेली विकरे ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून ती घेणाऱ्याने, किंवा नुकतीच थांबवणाऱ्याने, डॉक्टरला ते आपणहून सांगितले पाहिजे.